पिळून वापरण्याची प्लास्टिक ट्यूब पुनर्चक्रणयोग्य कशी करावी

टूथपेस्ट, फेसवॉश, मलम किंवा केसांचा रंग ज्या ट्यूबमध्ये भरला जातो, ती पुनर्चक्रणयोग्य करण्याचे काम एका रिकाम्या ट्यूबपासून आणि कात्रीपासून सुरू करावे. ट्यूब उभी कापावी, आतून धुवून वाळवावी आणि तिचे सगळे भाग सुटे करावेत: नळीची पातळ भिंत, तिच्या टोकाला जोडलेला जाड खांदा, झाकण, तोंडावरचे सील आणि असल्यास लेबल. प्रत्येक भाग ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून वजन लिहावे आणि त्यापुढे तो कोणत्या प्लास्टिकचा आहे, याची पुरवठादाराकडून लेखी माहिती घेऊन नोंद करावी. ट्यूब म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छापील भिंतच येते. परंतु लहान ट्यूबमध्ये खांदा आणि झाकण यांचे एकत्रित वजन भिंतीच्या वजनाच्या बरोबरीला सहज पोहोचते. पुढचे जवळजवळ सर्व निर्णय या वजनाच्या तक्त्यावर अवलंबून असल्याने तो नीट तयार होईपर्यंत नवीन साहित्याची चौकशीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ट्यूब कचऱ्यात पडल्यानंतर कोणत्या वाटेने जाते, हे त्यानंतर समजून घ्यावे. वर्गीकरण केंद्रात ती आधी चाळण्यांवरून जाते आणि साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू तेथेच खाली गळून पडतात. पुढे सपाट आणि फुगीर वस्तू वेगळ्या केल्या जातात, त्या वेळी पूर्ण चेपलेली ट्यूब कागदाच्या ढिगात जाण्याचा धोका असतो. मग निकट-अवरक्त किरणांचे यंत्र वस्तूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून प्लास्टिकचा प्रकार ओळखते आणि हवेच्या झोताने ती योग्य पट्ट्यावर ढकलते. पुनर्चक्रण कारखान्यात तिचे तुकडे होतात, ते गरम, बहुधा कॉस्टिक सोडा मिसळलेल्या पाण्यात धुतले जातात, पाण्याच्या टाकीत तरंगणारे आणि बुडणारे तुकडे वेगळे होतात आणि तरंगलेले तुकडे वितळवून जाळीतून गाळून त्यांचे दाणे पाडले जातात. या वाटेवरच्या एकेका टप्प्यावर आपली ट्यूब कोठे अडते, हे शोधणे आणि तो अडथळा काढणे, एवढाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. तळाशी छापलेल्या त्रिकोणी बाणांच्या खुणेने त्यातला एकही अडथळा दूर होत नाही.

कोणत्या प्रवाहात जायचे ते आधी ठरवावे

१८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगांसाठी कथिलाची दाबता येणारी ट्यूब तयार केली, तेव्हा ती एकाच धातूची होती. आजच्या लॅमिनेट ट्यूबच्या भिंतीत मात्र पॉलिथिलीनचे अनेक थर, गोंदाचे थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा किंवा ईव्हीओएच या प्लास्टिकचा रोधक थर, म्हणजे ऑक्सिजन आणि सुगंध अडवणारा थर, असतो. अशा ट्यूबसाठी वेगळी पुनर्चक्रण व्यवस्था उभी राहील, अशी आशा बाळगण्यापेक्षा आधीपासून चालू असलेल्या एखाद्या पुनर्चक्रण प्रवाहात ती कोणालाही त्रास न देता मिसळेल, अशी तिची रचना करणे शहाणपणाचे आहे. ट्यूबसाठी तो प्रवाह म्हणजे शाम्पू, डिटर्जंट आणि दुधाच्या बाटल्या ज्यापासून बनतात, त्या एचडीपीईचा, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा, २ क्रमांकाचा प्रवाह. त्याचे दाणे विकत घेणारे ग्राहक अनेक देशांत आधीच आहेत आणि त्याच्या धुण्या-गाळण्याच्या पद्धती बसलेल्या आहेत.

हे शक्य आहे याचा पुरावाही उपलब्ध आहे. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीने एचडीपीईच्या निरनिराळ्या श्रेणींचे थर एकत्र करून पिळता येण्याइतकी मऊ ट्यूब तयार केली, तिला २०१९ मध्ये अमेरिकेतील असोसिएशन ऑफ प्लास्टिक रिसायकलर्स या संस्थेची मान्यता मिळाली आणि कंपनीने ते तंत्र प्रतिस्पर्ध्यांनाही खुले केले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण वर्गीकरण यंत्रासमोर ट्यूब कोणत्या कंपनीची आहे याला काही अर्थ नसतो. बाजारातील बहुसंख्य ट्यूब बदलल्या तरच कारखाने त्या निर्धास्तपणे स्वीकारतील.

भिंत

भिंतीत अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते काढणे हे पहिले पाऊल आहे. १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा नजरेला नगण्य वाटतो, परंतु अ‍ॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट असल्याने २५० मायक्रॉन जाडीच्या भिंतीत त्याचे वजन सुमारे १३ टक्के भरते. त्यामुळे तुकडा पाण्यात बुडतो, आणि जो थोडा भाग तरंगणाऱ्या मालासोबत पुढे जातो तो वितळलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या तुंबवतो. ओळख यंत्र किंवा धातूशोधक यंत्र त्याआधीच अशी ट्यूब बाहेर फेकू शकते, ही बाब निराळी.

अ‍ॅल्युमिनियम काढल्याने तीन गोष्टी बदलतात आणि त्यांची तयारी नसेल तर प्रकल्प भरण्याच्या यंत्रावर येऊन थांबतो. अ‍ॅल्युमिनियम असलेल्या भिंतीचा उभा जोड उच्च वारंवारतेच्या विद्युत प्रेरणाने तापवून लावता येतो, कारण उष्णता त्या धातूतच निर्माण होते. पूर्ण प्लास्टिकच्या भिंतीला बाहेरून उष्णता द्यावी लागते. ट्यूबचे खालचे टोक बंद करण्यासाठीही गरम हवा, तापलेले जबडे किंवा अल्ट्रासोनिक यंत्र लागते. शिवाय एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते, तर एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचे मऊ पॉलिथिलीन, ११० अंशांच्या आसपास, म्हणून जोड लावण्याच्या तापमानाची आणि वेळेची चौकट नव्याने ठरवावी लागते. आतला सील होणारा पातळ थर एलएलडीपीईचा, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिलीनच्याच एका प्रकाराचा, ठेवला तर हे काम पुष्कळ सोपे होते, आणि पॉलिथिलीनच्याच कुटुंबातला असल्याने तो प्रवाहाला फारसा बाधत नाही. तिसरा बदल ग्राहकाच्या हाताला जाणवतो: धातूची भिंत दाबली की दाबलेलीच राहते, प्लास्टिकची भिंत मात्र पूर्ववत होते आणि हवा आत ओढते. ज्या उत्पादनाला हवेतील ऑक्सिजन मानवत नाही, त्याच्या बाबतीत या हवेचा हिशेब रोधक थरापेक्षाही आधी करावा.

एचडीपीई कडक असते, त्यामुळे ट्यूब पिळता येणार नाही, असा आक्षेप हमखास घेतला जातो. त्याचे उत्तर जाडीत आहे. पातळ पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध साहित्याच्या ताठरपणाच्या प्रमाणात वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एचडीपीई हे एलडीपीईपेक्षा सुमारे चौपट ताठर आहे असे धरले, तर ४०० मायक्रॉनच्या एलडीपीईइतकाच मऊपणा सुमारे २५० मायक्रॉनच्या एचडीपीईत मिळतो. हा हिशेब एकजिनसी भिंतीचा आहे आणि प्रत्यक्षातल्या थरांच्या रचनेसाठी तो फक्त प्रारंभबिंदू आहे. तरीही तो एक सुखद गोष्ट सांगतो की योग्य बदल केल्यास साहित्याचीही मोठी बचत होते. जाडी कमी केल्यावर ट्यूब उंचावरून पडल्यास जोड फुटतो का आणि तेलकट किंवा साबणयुक्त पदार्थाच्या सान्निध्यात ताणाखाली तडा जातो का, हे मात्र तपासलेच पाहिजे.

रोधक थर: आधी गरज, मग जाडी

पदार्थाला रोधक थराची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न मी नेहमी सर्वांत आधी विचारेन, कारण पुष्कळ ट्यूबमध्ये तो थर निव्वळ सवयीने चालत आलेला असतो. साध्या हँडक्रीमला किंवा फेसवॉशला पॉलिथिलीनची भिंत पुरू शकते. टूथपेस्टमधील सुगंधी तेले पॉलिथिलीनमध्ये शोषली जातात आणि चव उतरते, केसांचा रंग ऑक्सिजनने बिघडतो, तेथे रोध आवश्यक आहे. अशा वेळी ईव्हीओएच वापरता येते. परंतु त्याचे प्रमाण एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे धोरण बाळगावे आणि त्याला पॉलिथिलीनशी जोडणारा थर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडने संस्कारित पॉलिथिलीनचा निवडावा. हा जोडथर वितळताना ईव्हीओएचचे बारीक कण पॉलिथिलीनमध्ये पसरवून ठेवतो, म्हणून त्याचा उपयोग पुनर्चक्रणातही होतो.

येथे सुरुवातीचा वजनाचा तक्ता कामी येतो. समजा, भिंत २५० मायक्रॉनची असून तिच्यात १५ मायक्रॉन ईव्हीओएच आहे. पाण्याची घनता १ मानून ईव्हीओएचची घनता सुमारे १.१८ आणि पॉलिथिलीनची ०.९५ धरल्यास भिंतीत त्याचे प्रमाण वजनाने ७.३ टक्के येते. भिंत ५ ग्रॅमची, खांदा १ ग्रॅमचा आणि झाकण ३ ग्रॅमचे असेल, तर संपूर्ण ट्यूबवर हे प्रमाण ४.१ टक्के दिसते आणि सर्व काही ठीक आहे असे वाटते. परंतु ग्राहकाने झाकण काढून टाकले, तर उरलेल्या ६ ग्रॅमवर तेच प्रमाण ६.१ टक्के होते. म्हणून हा हिशेब झाकणासह आणि झाकणाविना असा दोन्ही प्रकारे करावा. थर १० मायक्रॉनचा केल्यास भिंतीतले प्रमाण ४.९ टक्क्यांवर आणि झाकणाविना ट्यूबमधले ४.१ टक्क्यांवर येते, आणि मग झाकण असो वा नसो, मर्यादा पाळली जाते. त्या ५ मायक्रॉनची कपात पदार्थाच्या टिकाऊपणाला चालते की नाही, हे साठवणुकीच्या चाचणीने सिद्ध करावे. सिलिकॉन ऑक्साइडसारख्या नॅनोमीटर जाडीच्या पारदर्शक लेपाचाही पर्याय आहे, मात्र वारंवार पिळल्याने लेपाला सूक्ष्म चिरा पडत नाहीत याची खात्री करून घ्यावी. नायलॉन आणि पीईटी यांचे थर टाळावेत; पॉलिथिलीन ज्या तापमानाला वितळवले जाते, त्या तापमानाला ते नीट वितळत नाहीत. पीव्हीसी तर लेबलातसुद्धा नको, कारण त्या उष्णतेत त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडू शकतो.

रंग, भराव आणि छपाई

तरंगण्याची परीक्षा रंगद्रव्यामुळेही हुकू शकते, याकडे क्वचितच कोणी पाहते. पांढऱ्या ट्यूबमधील टायटॅनियम डायऑक्साइडची घनता सुमारे ४.२ असते, ०.९५ घनतेच्या पॉलिथिलीनमध्ये ते वजनाने साधारण साडेसहा टक्के मिसळले की मिश्रण पाण्याइतके जड होते. भराव म्हणून मिसळल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत ही सीमा पावणेआठ टक्क्यांच्या सुमारास येते. त्यात ईव्हीओएचची भर पडली तर सीमा आणखी जवळ येते. सर्व घटक धरून भिंतीची घनता ०.९७ च्या आत राहील, असे पाहावे. टाकीतील पाणी खवळलेले असते आणि तुकड्यांना बुडबुडे किंवा घाण चिकटलेली असते, त्यामुळे १ च्या अगदी काठावरची घनता भरवशाची नसते.

रंग शक्य तितका फिका ठेवावा. काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक वापरल्यास ते निकट-अवरक्त किरण शोषून घेते आणि यंत्राला ट्यूब दिसतच नाही. काळा रंग हवाच असेल तर किरणांना वाट देणारी रंगद्रव्ये मिळतात, ती घ्यावीत. भिंतीला चकाकी देण्यासाठी धातूचा मुलामा चढवू नये. छपाईची शाई गरम धुलाईत सुटून पाण्याला रंग देत असेल, तर तो रंग फिक्या तुकड्यांवर चढतो, म्हणून शाई एक तर घट्ट टिकणारी किंवा रंग न सोडता पूर्ण निघून जाणारी असावी. लेबलापेक्षा थेट छपाई बरी. लेबल लावायचेच तर ते पॉलिथिलीनचे लावावे, कागदाचे नको, कारण कागदाचे तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये जळून काळे ठिपके पाडतात. याच कारणाने कागद आणि प्लास्टिक यांच्या एकत्र भिंतीची ट्यूब पर्यावरणपूरक भासली, तरी या प्रवाहासाठी ती प्रतिकूल आहे. पीएलए या जैवविघटनशील प्लास्टिकची घनता १.२४ असल्याने ते बुडते आणि वाया जाते. उसापासून बनवलेले पॉलिथिलीन मात्र रासायनिकदृष्ट्या पॉलिथिलीनच असते आणि ते निर्धोकपणे वापरता येते.

झाकण

बहुतेक झाकणे पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि पीपीची घनता सुमारे ०.९ असल्याने ती पाण्यात पॉलिथिलीनच्या तुकड्यांसोबतच तरंगतात. टाकी त्यांना वेगळे करू शकत नाही. बाटल्यांच्या प्रवाहाला पीपीची थोडी सवय असते, कारण बाटल्यांची झाकणेही पुष्कळदा पीपीची असतात. परंतु बाटलीच्या तुलनेत ट्यूबमध्ये झाकणाचा वजनी वाटा फार मोठा असतो. वरच्या उदाहरणात तो एक तृतीयांश आहे. एवढे पीपी मिसळलेले दाणे बाटली फुगवण्याच्या कामाला ठिसूळ ठरतात.

फिरकीचे झाकण असेल तर एचडीपीईकडे वळणे तुलनेने सरळ आहे. बिजागरीने उघडणाऱ्या झाकणाला पीपीची सवय लागण्यामागे खरे कारण आहे: पीपीची पातळ बिजागरी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही, एचडीपीईची लवकर पांढरी पडते आणि फाटते. बिजागरी रुंद करून, तिची जाडी आणि साच्यातला प्लास्टिकचा प्रवाह बदलून, ट्यूबच्या अपेक्षित वापरापुरती उघडझाप तिने सोसावी असे लक्ष्य ठेवता येते. दिवसातून दोनदा आणि तीन महिने वापरल्या जाणाऱ्या ट्यूबचे झाकण दोनशेपेक्षा कमी वेळा उघडते. त्याला हजारो वेळांची कसोटी लावणे अनाठायी आहे. बिजागरी साधतच नसेल तर तिच्याऐवजी छोटे फिरकीचे झाकण द्यावे, त्याने वजनही घटते. झाकण बदलताना एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. बाटल्यांच्या एचडीपीईचा वितळप्रवाह, म्हणजे वितळल्यावर ते किती सहज वाहते याचे माप, १९० अंशांना दहा मिनिटांत साधारण ०.३ ते ०.५ ग्रॅम असतो, तर साच्यात दाबून भरण्याच्या श्रेणींचा त्याच्या कित्येक पट. म्हणून खांदा आणि झाकण यांच्यासाठी साचा जितका सहन करेल तितकी कमी प्रवाहाची श्रेणी निवडावी.

तोंडावरचे अ‍ॅल्युमिनियमचे सील ओढल्यावर पूर्ण निघून यावे, त्याची कडा ट्यूबवर उरू नये. सिलिकॉनची झडप टाळता आली तर उत्तम. अटळच असेल तर ती पाण्यापेक्षा जड साहित्याची असावी, म्हणजे तुकडे झाल्यावर ती तळाशी जाईल.

आत उरणारा पदार्थ हा झाकणाचाच विषय आहे. ट्यूब डोक्यावर उभी राहील असे रुंद झाकण, थोडे मोठे तोंड आणि कमी खोल, उताराचा खांदा यांमुळे पदार्थ तोंडाशी जमतो आणि शेवटपर्यंत निघतो. टूथपेस्ट पाण्यात विरघळते, पण मेणाचे किंवा तेलाचे मलम धुण्याच्या पाण्याला आणि दाण्यांच्या वासाला बराच काळ त्रास देते. रिकाम्या झालेल्या दहा ट्यूब वापरणाऱ्यांकडून परत घेऊन तोलाव्यात. कोऱ्या ट्यूबच्या वजनाशी तुलना केली की किती पदार्थ वाया जातो ते कळते.

चाचणी

प्रमाणपत्रासाठी नमुने पाठवण्याआधी घरची परीक्षा घ्यावी. ट्यूबचे एक सेंटिमीटरचे तुकडे करून थोडा साबण घातलेल्या साध्या पाण्यात ढवळावेत आणि काय बुडते ते पाहावे. तेच तुकडे कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात, हातमोजे आणि संरक्षक चष्मा घालून, सुमारे ८० अंशांवर पंधरा मिनिटे ढवळून पाण्याचा रंग तपासावा. एखाद्या पुनर्चक्रण कारखान्याच्या वर्गीकरण यंत्रावर कोऱ्या, अर्धवट चेपलेल्या आणि पूर्ण चपटलेल्या अशा तिन्ही अवस्थांतील ट्यूब चालवून पाहाव्यात. यानंतर असोसिएशन ऑफ प्लास्टिक रिसायकलर्स किंवा युरोपातील रिसायक्लास यांच्या लिखित पद्धतीनुसार मान्य प्रयोगशाळेत तपासणी करावी. तिच्यात ट्यूबचे दाणे बाटलीच्या दाण्यांत ठरावीक प्रमाणात मिसळून वितळप्रवाह, गाळणजाळीवरचा दाब, बळकटी आणि तयार वस्तूचा दर्जा तपासला जातो. दोन्ही संस्थांचे निकष वेळोवेळी सुधारले जातात, त्यामुळे प्रकल्पाच्या सुरुवातीला उतरवून घेतलेली आवृत्ती शेवटी पुन्हा ताडून पाहावी.

पदार्थाच्या टिकाऊपणाची चाचणी याच्या समांतर आणि सर्वांत आधी सुरू करावी, कारण वेळ तिलाच लागतो. औषधी मलमाच्या ट्यूबमध्ये वेष्टन बदलण्यासाठी नियामकाची मंजुरी आवश्यक असते, तो कालावधीही धरावा. युरोपीय संघाचा २०२५/४० क्रमांकाचा वेष्टन नियम ११ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला असून २०३० पासून तेथील बहुतेक वेष्टने पुनर्चक्रणयोग्य असणे बंधनकारक होत आहे. तेथे माल पाठवणाऱ्याने मागे वळून मोजावे, म्हणजे किती महिने हातात आहेत ते स्पष्ट होईल.

ट्यूबवर काय छापावे

रचनेने पुनर्चक्रणयोग्य असणे आणि प्रत्यक्षात गोळा होऊन पुनर्चक्रित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ट्यूबवरचा मजकूर हा फरक झाकणारा नसावा. ज्या प्रदेशात ट्यूब स्वीकारल्या जातात, तेथेच तसा निःसंदिग्ध दावा करावा. अन्यत्र ट्यूब कोणत्या प्लास्टिकची आहे एवढे सांगून स्थानिक संकलनाची चौकशी करण्यास सुचवावे. ‘पूर्ण रिकामी करा, झाकण लावूनच टाका’ ही सूचना ठळक द्यावी, कारण सुटे झाकण ५ सेंटिमीटरच्या चाळणीतून गळते. प्रवासी आकाराची ट्यूब निर्दोष साहित्याची असूनही याच चाळणीत हरवते. तिच्यावर पुनर्चक्रणाचा दावा छापू नये आणि शक्य असल्यास तो आकारच बंद करावा.

शेवटी, मान्य झालेल्या रचनेची एक लेखी नोंद ठेवावी: प्रत्येक भागाचे वजन, थरांची जाडी, प्लास्टिकची श्रेणी, रंगाच्या मास्टरबॅचचे (प्लास्टिकमध्ये मिसळायच्या दाट रंगाच्या दाण्यांचे) आणि शाईचे नाव. पुरवठादाराने यांपैकी काहीही बदलले तर ते आधी कळवणे करारात बंधनकारक करावे, आणि असा बदल कळताच पाण्याची साधी परीक्षा त्याच दिवशी पुन्हा घ्यावी.